जावक क्रमांक ११२/अ

एलएल.बी. झालात, छान झालं. आता सनद काढून तालुका कोर्टाबाहेरच्या कडुनिंबाखाली टेबल टाकायचा विचार असेल तर तो सोडून द्या. तिथे पक्षकारांपेक्षा वकील जास्त आणि वकिलांपेक्षा खर्रा घोटणारे जास्त झालेत. त्यापेक्षा एखाद्या शिक्षण संस्थेत विधी अधिकारी म्हणून चिकटा. आपल्या वऱ्हाडात कापसाचा भाव पडतो, तुरीवर अळी येते, सोयाबीन ऐन सोंगणीत भिजतं. पण संस्थेनं मास्तरला काढलं आणि मास्तर शाळा न्यायाधिकरणात गेला, हे पीक कधी बुडालेलं नाही.

पद भारदस्त आहे. पगार कनिष्ठ लिपिकाचा मिळेल, कारण शिक्षण खात्याची मान्यता त्याच पदाला आहे. काळा कोट विसरा. पूर्णवेळ पगारी माणसाला बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करता येत नाही. म्हणजे अमरावतीला न्यायाधिकरणासमोर बोलणार वकील, आणि त्यांच्या मागे टोंगळ्याएवढ्या फायलींची थैली धरून उभे राहणार तुम्ही. वाईट वाटून घेऊ नका. हरलो तर शिव्या वकिलाला पडतात. (अर्ध्या तुम्हालाही पडतात, पण त्या चहाच्या वेळेला.)

रुजू होताना आपले अध्यक्ष, भाऊसाहेब, तुमच्याकडून एक कागद लिहून घेतील. राजीनामा. खाली सही, वर तारखेची जागा कोरी. ‘काई नाई रे बावा, आपल्या संस्थेची पद्धत हाये,’ असं म्हणतील. करून टाका सही. मीही केली, शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांनी केली. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात तो गठ्ठा आहे, आणि त्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे राहणार आहे. किती विश्वास टाकतात बघा माणसावर.

कायदा वाचायचाच असेल तर थोडा वाचा. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. नाव म्हणताना दम लागतो म्हणून सगळे ‘एमईपीएस’ म्हणतात. त्याच्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची रीत दिली आहे. पत्र दोन प्रतींत लिहायचं, दोन्हींवर सही करून तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर पोस्टानं व्यवस्थापनाला धाडायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. ज्यानं कुणी हे लिहिलं, त्यानं आमचं कपाट आधी येऊन पाहिलं असावं. तुम्ही लेखी जबाबात एवढंच लिहा: ‘अपिलार्थीने राजीनामा स्वखुशीने व समक्ष आणून दिला.’ पोस्टाचं तिकीटही वाचतं.

आता एक प्रत्यक्ष प्रकरण सांगतो, म्हणजे कामाची कल्पना येईल. आमच्या शाळेत मराठीचे एक सर होते. मला आठवीत त्यांनीच शिकवलं. त्यांचा अपराध असा, की दर महिन्याला पगार झाल्यावर ‘इमारत निधी’ म्हणून जे पैसे द्यावे लागत, त्याची त्यांनी पावती मागितली. त्यात भाऊसाहेबांच्या भाच्याची सून बी.एड. झाली, विषय मराठी. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी. सर त्या दिवशी आले, मस्टर उघडलं, तर त्यांच्या जागी दुसरंच नाव. मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, ‘मले काई माहीत नाई सर, वरून आलं.’

इथे थांबून एक गोष्ट शिकून घ्या. लेखी आदेश कधीही देऊ नका. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ९ खाली अपील करता येतं. आदेशच नसेल तर माणूस मोजणार कुठून? आणि तरीही त्यानं अपील केलंच, तर आपण म्हणायचं की आव्हान द्यायला आदेशच नाही, सबब अपील चालत नाही. हा मुद्दा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा मला स्वतःची थोडी भीती वाटली होती. सवय होते.

सर अपिलात गेले. मग आमचं जावक रजिस्टर कामाला लागलं. मागच्या तारखेचं पत्र काढायचं तर त्याला जावक क्रमांक हवा, आणि रजिस्टरात ११२ च्या खाली ११३ तर लिहून झालेला असतो. मग दोन ओळींच्या मधल्या फटीत बारीक अक्षरात ११२/अ. ‘आपला राजीनामा मंजूर करण्यात आला आहे.’ त्या वर्षी गरजा इतक्या निघाल्या की आम्ही ११२/फ पर्यंत गेलो. शाई जुनी दिसावी म्हणून पान दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवायचं. मे महिन्यात अर्ध्या दिवसात भागतं.

लेटरहेडकडे मात्र नीट बघा. मी बघितलं नाही. पत्रावर छापलेलं होतं ‘अध्यक्ष: भाऊसाहेब, माजी सभापती, पंचायत समिती’. पत्राच्या तारखेला ते चालू सभापती होते, माजी झाले त्यानंतर दोन वर्षांनी. सरांच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, अध्यक्षांना भविष्य दिसतं का? तेव्हापासून मी प्रत्येक निवडणुकीनंतर जुन्या लेटरहेडचा एक गठ्ठा बाजूला काढून ठेवतो. तुम्हीही ठेवा.

दुसरी चूक ठरावाची. राजीनामा मंजूर करायला कार्यकारिणीची सभा दाखवावी लागते. मी कॅलेंडर न बघता दुपारी चारची सभा लिहिली, अकरा जणांच्या सह्या घेतल्या. तो दिवस निघाला श्रावण अमावास्येचा. पोळ्याच्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्या गावात अकरा पदाधिकारी एका खोलीत! सचिवांची बैलजोडी तर दरवर्षी तोरणाखाली मानाची. न्यायाधीशही शेतकऱ्याच्या घरातले असावेत. त्यांनी ठराव दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसला.

राजीनामा डळमळीत झाला म्हणून काय झालं, पर्यायी बचाव कशासाठी असतो? आम्ही म्हटलं, राजीनामा नसेल तर मग रीतसर चौकशी करून बडतर्फ केलं होतं. १९८१ च्या नियमावलीत चौकशी समिती तीन जणांची सांगितली आहे: एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्यानं सुचवलेला, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. आमचे तिसरे गुरुजी आदर्श शिक्षक होतेच. फक्त तो पुरस्कार भाऊसाहेबांच्या वडिलांच्या पुण्यतिथीला आपल्याच संस्थेनं दिलेला होता, शाल-श्रीफळासह. फोटोसुद्धा जोडला होता मी. चौकशी १२० दिवसांत संपवायची असते. आमची एका दुपारी संपली. एवढी तत्परता कुणाच्या डोळ्यात का खुपावी, मला कळलं नाही.

याच सुमारास संस्थेत फूट पडली. हे प्रत्येक संस्थेत होतं, तेव्हा आधीच तयारीत राहा. भाऊसाहेब आणि त्यांचे चुलतभाऊ, दोन गट, दोन अध्यक्ष, दोन शिक्के. दोघांचेही चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद करा असे अर्ज, सहायक धर्मादाय आयुक्तांकडे पडून. शाळेत दोन मुख्याध्यापक आणि खुर्ची एक. जो सकाळी आधी येईल तो बसेल, दुसरा स्टाफरूममध्ये पेपर वाचेल. मुलांना मात्र दोघांच्याही सह्यांचे दाखले मिळत. तर चुलत गटानंही सरांच्या अपिलात स्वतंत्र जबाब दाखल केला. एका संस्थेच्या वतीनं न्यायाधिकरणासमोर आता तीन म्हणणी होती: सरांनी राजीनामा दिला, सरांना बडतर्फ केलं, आणि सरांना कधी काढलंच नाही, तेच शाळेत येत नाहीत. उत्तरवादी क्रमांक ३, शिक्षणाधिकारी, यांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आलाच नाही. त्यातल्या त्यात त्यांचंच म्हणणं सुसंगत होतं.

तुम्ही म्हणाल, मग आपण हरणार की. जिंकायचं कुणी सांगितलं तुम्हाला? अपील तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा आणि न जमल्यास कारणं नोंदवावीत, असं कायद्यात आहे. ती कारणं पुरवणं ही तुमची खरी नोकरी. वकील हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात आहेत. मूळ रेकॉर्ड वाळवीनं खाल्लं. मूळ रेकॉर्ड दुसऱ्या गटाकडे आहे. दुसऱ्या गटाला प्रत मिळाली नाही. मुख्याध्यापक निवडणूक ड्युटीवर आहेत. हे शेवटचं कारण कधीही चालतं, कारण कुठली ना कुठली निवडणूक असतेच. एखाद्या तारखेला काहीच सुचलं नाही तर पुरशिस (लेखी निवेदन) द्या की तडजोडीची बोलणी सुरू आहेत. सर काढले तेव्हा ४७ वर्षांचे होते. शिक्षक निवृत्त होतो ५८ व्या वर्षी. अंकगणित तुम्हाला येतं.

अकरा वर्षं आम्ही दोघं एकाच एसटीनं अमरावतीला जात होतो. आमच्या तालुक्यातून सकाळची एकच गाडी कामाची, त्याला कोण काय करणार? पहिली दोन वर्षं मी मागच्या सीटवर तोंडाला दुपट्टा बांधून बसायचो. एकदा सरांनीच हाक मारली, ‘अरे ये इकडं, ऊन येऊन राहिलं तिकडून.’ मग शेजारी बसू लागलो. माझ्या लेखी जबाबाची प्रत त्यांच्या पिशवीत असायची. त्यातले ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केलेले असत. ‘स्वखुशीने’ या शब्दाखाली तर रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. पुढची तारीख विसरलात तर आपल्या वकिलाला फोन करू नका, विरुद्ध बाजूच्या माणसाला विचारा. त्याला पाठ असते.

निकाल लागला तो सरांच्या बाजूनं. काढणं बेकायदेशीर, मागचा पगार द्या. कामावर परत घ्यायचा प्रश्न उरला नव्हता, त्या मार्चमध्येच त्यांचं वय भरलं होतं. न्यायाधिकरणाला अशी रक्कम संस्थेच्या अनुदानातून कापून द्यायची शिफारस शासनाकडे करता येते, ती केली. भाऊसाहेबांनी निकाल वाचला नाही, वजन केल्यासारखा हातात धरला आणि म्हणाले, ‘टाक रिट.’ म्हणजे आता नागपूर. तिकडची गाडी वेगळी असते, पहाटे पाचची. ती अजून पाठ करायची आहे मला.

शेवटच्या दिवशी निकालाची प्रत घेऊन आम्ही एकाच गाडीनं परत निघालो. मी सरांना विचारलं नाही, पण त्यांच्या कानावर आलं असावं की चुलत गटाला माझी जागा त्यांच्या माणसासाठी हवी आहे, आणि भाऊसाहेब त्याला तयार आहेत, कारण दोघांचं मिटत आलंय. नांदगाव खंडेश्वरला गाडी थांबली. खाली आलूबोंडे निघत होते. सरांनी पिशवीतून पैसे काढले, खिडकीतून दोन प्लेट सांगितल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘काय रे, तुह्या राजीनाम्याची दुसरी प्रत तुह्यापाशी हाये ना?’

मी म्हटलं, सर, चटणी जास्त घ्या.