टाकीला नेपियर चारताना घ्यावयाची दक्षता

नेपियर नावाच्या उंच वाढणाऱ्या चाऱ्याच्या गवतापासून गोबरगॅससारखा गॅस काढण्याचा आपला निश्चय झाला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. वाळवा तालुक्यात राहून, तीन पिढ्या उसावर काढून, निम्मे आयुष्य कारखान्याच्या बिलाची वाट पाहण्यात घालवल्यावर माणसाला नवे पीक खुणावू लागावे, हे स्वाभाविकच आहे. त्यातही ते पीक माणसाच्या ताटात किंवा जनावराच्या दावणीत न जाता थेट गॅसच्या टाकीच्या पोटात जाणार, हे ऐकून कोण हरखणार नाही? मी या वाटेने आपल्या आधी गेलो असल्यामुळे सल्ला देण्याचा अधिकार माझ्याकडे आपोआप आला आहे.

जमीन निवडताना नदीकाठची काळी, कसदार जमीनच निवडावी. नेपियर बांधावरही येते, असे सांगणारे भेटतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. पाणी सढळ हाताने द्यावे. हिरव्या नेपियरच्या १०० किलो वजनात साधारण ८० किलो पाणीच असते. ते विहिरीतून पिकात, पिकातून ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून टाकीत पोहोचवण्यासाठी जी वीज आणि जे डिझेल खर्ची पडते, ते गॅसच्या हिशेबात धरण्याचा प्रघात नाही. आटपाडी किंवा माण-खटावसारख्या दुष्काळी भागातले पाहुणे घरी आलेले असतील, तर मात्र हा विषय त्यांच्यासमोर काढू नये.

बेणे घेताना विक्रेत्याच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवावा. मला बेणे विकणारे गृहस्थ माझ्या ओसरीवर बसून, माझाच चहा पीत, टाकाऊ जैविक मालापासून गाड्यांसाठी गॅस करण्याच्या, २०१८ साली जाहीर झालेल्या केंद्राच्या ‘सतत’ योजनेतील ५,००० प्रकल्पांचे उद्दिष्ट अशा सहजतेने सांगत होते, की त्यांतले निम्मे प्रकल्प आमच्याच शिवारात उभे राहणार आहेत असे वाटावे. एकरी उतारा त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. ते पान मी अजून जपून ठेवले आहे. एवढे उत्पन्न मला दुसरीकडे कुठेच पाहायला मिळालेले नाही.

टाकीसाठी बेणे लावून झाले, की शेजारच्या खोडव्यातल्या पाचटाला परंपरेप्रमाणे काडी लावावी. एकरी ३ ते ४ टन पाचट असे तासाभरात मोकळे होते. ते पचायला जड असते, हे मान्यच आहे. त्यातल्या लिग्निन नावाच्या चिवट, लाकडी घटकापुढे हवेविना जगणाऱ्या जिवाणूंचे काही चालत नाही आणि कर्बाच्या मानाने त्यात नत्रही फारच थोडे, म्हणून ते बारीक करून शेणात कालवावे लागते. फुकटच्या मालासाठी एवढी यातायात करणारा माणूस गावात हास्यास्पद ठरतो. कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारे प्रेसमड तर मानाने आणखी हलके. १०० टन उसामागे ३ ते ४ टन निघणाऱ्या त्या काळ्या चिखलातून चांगला गॅस निघतो, पण त्याचे बेणे मिळत नसल्यामुळे त्याची महती सांगायला कोणी ओसरीवर येत नाही.

कोणी शंका काढलीच, तर जर्मनीचा दाखला द्यावा. तिथे २००४ च्या कायद्याने अशा पिकांपासून केलेल्या विजेला जादा दर मिळाला आणि गॅसचा धंदा खरोखरच फोफावला. पुढे शिवारेच्या शिवारे मक्याखाली गेल्यामुळे २०१२ मध्ये नव्या संयंत्रांत मका वजनाने ६० टक्क्यांवर जाऊ देऊ नये, असा नियम करावा लागला. म्हणून दाखला देताना २००४ पाशी थांबावे.

आता मुख्य विषय, म्हणजे चारणे. घरच्या म्हशीला कोवळा चारा एकदम जास्त पडला तर तिचे पोट फुगते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळते. टाकीला मात्र पोट नसते असे धरून चालावे. आठवडाभर काही घालू नये आणि ट्रॉली आली की सगळी रिकामी करावी. कुट्टी करू नये. आख्खे धाट टाकले की ते वर तरंगते, ढवळणीच्या पात्याला गुंडाळते आणि आठ-पंधरा दिवसांत त्याचा गोधडीसारखा असा थर बसतो, की माझ्याकडे तो पहारीने फोडावा लागला. खाली काय चालले आहे याची चौकशी करू नये. तिथे आम्ल तयार करणारे जिवाणू चपळ असतात आणि त्या आम्लाचा मिथेन करणारे सावकाश. सामू (आम्लता मोजणारा पीएच) साडेसहाच्या खाली गेला की हे दुसरे काम जवळजवळ बंदच पाडतात. माझ्या टाकीत बुडवलेली सामूची पट्टी हिरवट राहायला हवी होती, ती पिवळी पडली. मी पट्ट्या जुन्या झाल्या असाव्यात असा निष्कर्ष काढून नवी डबी आणली. तीही पिवळीच पडली, तेव्हा दुकानदाराशी भांडून आलो. आईने टाकीजवळ येऊन नाकाला पदर लावला आणि ‘अरे, हिला अजीर्ण झालंय, चार दिवस काही घालू नकोस, आणि मग थोडं थोडं शेण दे,’ असे सांगितले. आईचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले असल्यामुळे तो सल्ला अमलात आणायला मला दीड महिना लागला.

बाहेर पडणाऱ्या स्लरीत नत्र, स्फुरद आणि पालाश शिल्लक असते, असे म्हणतात. ती ओढ्याला सोडावी आणि युरियासाठी सोसायटीच्या रांगेत उभे राहावे. रांगेत ओळखी वाढतात.

उद्घाटनाची घाई मात्र जरूर करावी. टाकी बिघडलेली असताना निघणाऱ्या वायूत मिथेन कमी आणि कार्बन डायऑक्साइड फार, त्यामुळे पाहुण्यांनी शेगडीला काडी लावली की काडीच विझते, आणि सडक्या अंड्याच्या वासात पहिल्या रांगेतले रुमाल बाहेर निघतात. यावर उपाय सोपा आहे. मंडपाच्या पडद्यामागे घरचा सिलिंडर ठेवून त्याची नळी शेगडीला जोडावी. तो भरलेला आहे ना, हे मात्र आदल्या रात्रीच उचलून पाहावे.