क्लॉक मॉड्यूलला मिळालेल्या एका स्टारबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला, दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात अशी: आमच्याकडून आठ आउटपुटचं क्लॉक मॉड्यूल (सगळ्या सिंथ-मशीनना तालाचे विजेचे ठोके, म्हणजे पल्स, वाटून देणारं) नेलं, व्होल्का हा छोटा सिंथ पिसाटल्यासारखा पळतो, चौथी वायर लावली की सगळं गप्प होतं, टेम्पो १७० वर नेला की ठोकेच येत नाहीत. वर 'तीनशेच्या स्प्लिटरचं काम, त्याला एवढे पैसे. फोन केला तर लाल पट्टी कुठे आहे विचारतात.'

व्होल्कापासून सुरू करतो, कारण निम्मी तक्रार तिथेच सुटते. फोटोत कीस्टेप कीबोर्डच्या सिंक-आउटची (ताल बाहेर देणाऱ्या सॉकेटची) वायर आमच्या क्लॉक-इनला आहे आणि व्होल्काची वायर २ नंबरच्या आउटपुटात. १ ते ४ ही आउटपुटं नुसती नक्कल देतात, आत येतील तेवढेच पल्स बाहेर. तुमचा कीस्टेप २४ पीपीक्यूवर आहे, म्हणजे एका बीटला २४ पल्स. कोर्गच्या व्होल्काला बीटला २ च लागतात. एका पल्सला तो दोन स्टेप पुढे जातो. २४ दिले की बरोबर बारापट पळणार. व्होल्का ठीक आहे, मॉड्यूलही ठीक आहे. ती वायर ७ नंबरला लावा, जिथे 'भागिले १२' छापलंय.

पुढे तुम्ही लिहिलंय की मिडी कंट्रोल सेंटर या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमधून कीस्टेपच २ वर आणला. व्होल्का जागेवर आला, पण रॅकमधला सोळा स्टेपचा सिक्वेन्सर (दर पल्सला पुढचा स्वर वाजवणारं मॉड्यूल) निम्म्या वेगावर आला, म्हणून त्याच्याआधी मल्टिप्लायर (पल्सची संख्या वाढवणारं मॉड्यूल) बसवला, आणि आता टेम्पो फिरवला की तो मागे राहतो. मागे राहणारच. मल्टिप्लायरला पुढचा पल्स कधी येणार हे माहीत नसतं. तो मागच्या दोन पल्समधलं अंतर मोजतो आणि तेवढ्याच अंतराचे भाग पाडतो. ६० बीपीएमला (मिनिटाला ६० बीट) बीटला २ पल्स म्हणजे दोन पल्समध्ये अर्धा सेकंद. तुम्ही नॉब फिरवल्यावर निदान तेवढा वेळ तो जुन्याच चालीवर वाजणार. यावर सेटिंग नाही, उपाय एकच: मूळ क्लॉक सगळ्यात जलद ठेवायचं आणि खाली भागत जायचं. कीस्टेप परत २४ वर न्या, मल्टिप्लायर काढून टाका, सिक्वेन्सर ६ नंबरला लावा. तिथे भागिले ६ आहे, म्हणजे बीटला ४, सोळा स्टेपला हवे तेवढेच. ५ नंबर भागिले ३ आहे, तिथे बीटला ८ मिळतात. ८ नंबर भागिले २४, बीटला एक.

हे ३, ६, १२, २४ आकडे का, असं दुकानात बरेचजण विचारतात. बाजारातले बहुतेक डिव्हायडर दुपटीच्या पाढ्यावर चालतात. डोएप्फरच्या ए-१६० वर २, ४, ८, १६, ३२, ६४ आहेत. चांगलं मॉड्यूल आहे, पण ते सरळ मिडीच्या २४ पल्सवर लावलं तर १२, ६, ३ आणि मग दीड मिळतात. बीटला ४ किंवा २ त्यातून कधीच निघत नाहीत. म्हणून आमच्या बोर्डावर ४०१७ या चिपचे दोन काउंटर (पल्स मोजणारे) आहेत, एक ३ वर आणि एक ६ वर रीसेट होणारा. ६ च्या पुढे ४०१३ चिपमधले दोन फ्लिप-फ्लॉप (प्रत्येकी दोनाने भागणारे) १२ आणि २४ करतात.

इथे एक बारकावा आहे. ४०१७ रीसेट झाला की त्याचं क्यू-शून्य, म्हणजे पहिलं आउटपुट, लगेच वर जातं, क्लॉकची वाट न बघता. आउटपुट तिथून घेतलं तर पहिला ठोका प्ले दाबायच्या आधीच पडून जातो आणि पुढचे सगळे मूळ बीटपेक्षा एक पल्स लवकर येतात. १२० बीपीएमला २०.८ मिलिसेकंद. कानाला ते 'बेस जरा घाई करतोय' असं लागतं. आम्ही आउटपुट क्यू-एकवरून घेतो, त्यामुळे पहिल्या क्लॉकला पहिला ठोका, मग सातव्याला, तेराव्याला. मात्र यासाठी रीसेट व्हायला हवा. कीस्टेपच्या सिंक-आउटमधून फक्त क्लॉक येतं, रीसेट नाही. तेव्हा थांबवल्यावर पॅनेलवरचं रीसेट बटण दाबायचं आणि मगच प्ले. नाही दाबलं तर भागिले १२ मध्येच कुठूनतरी सुरू होईल आणि व्होल्का वेगाला बरोबर पण जागेला चुकलेला वाजेल.

आता चौथी वायर. दुसऱ्या फोटोत नीट पाहा, ती वायर आमच्या मॉड्यूलमधून निघालेलीच नाही. कीस्टेप आणि आमचं क्लॉक-इन यांच्यामध्ये वाय-स्प्लिटर आहे, त्याच्या दुसऱ्या फाट्याची ती वायर आहे आणि तिचं टोक सिक्वेन्सरच्या क्लॉक-इनऐवजी क्लॉक-आउटमध्ये बसलंय. दोन आउटपुटं एकमेकांना जोडली गेली. कीस्टेप ५ व्होल्ट द्यायला बघतो, सिक्वेन्सर शून्यावर धरून बसतो. दोन्हीकडे साधारण १ किलोओहम असला तर मध्ये अडीच व्होल्ट उरतात. आमच्या इनपुटला ४०१०६ चिप आहे, ५ व्होल्टवर चालणारी. तिला पल्स म्हणून दिसायला साधारण २.९ व्होल्ट लागतात. म्हणून सगळं गप्प. जळलं काही नसणार, तेवढ्यासाठीच आउटपुटला तो रेझिस्टर असतो. स्प्लिटर काढा आणि कीस्टेपची वायर सरळ आमच्या इनपुटला द्या.

स्प्लिटरचा विषय निघालाच आहे तर सरळ सांगतो: नुसतं क्लॉक रॅकमध्येच तीन-चार ठिकाणी द्यायचं असेल तर साधा पॅसिव्ह मल्टिपल (नुसती सॉकेटं एकमेकांना जोडलेला) पुरतो. १ किलोओहमच्या आउटपुटला १०० किलोओहमची चार इनपुटं लावली तरी ५ चे ४.८ व्होल्ट राहतात, क्लॉकला काही फरक पडत नाही. तेवढंच काम असेल तर आम्ही गिऱ्हाइकाला बफर (सिग्नलला जोर देणारं मॉड्यूल) घ्या म्हणत नाही. पिच सीव्हीची, म्हणजे स्वराची उंची ठरवणाऱ्या व्होल्टेजची, गोष्ट वेगळी. तिथे तीन ऑसिलेटर लावले की सुमारे ३ टक्के गळतात, म्हणजे दर सप्तकाला ३५ सेंट (सप्तकाचे १२०० सेंट), आणि ते लगेच बेसूर लागतं. तुमच्याकडे मात्र बीटला २४, ४ आणि २ असे तीन वेगवेगळे दर लागणारी मशीनं आहेत. स्प्लिटरला दर बदलता येत नाही. आधी कोणत्या मशीनला बीटला किती पल्स लागतात ते कागदावर लिहा, सॉकेट किती हवेत हे त्यानंतर.

१७० बीपीएमचा उलगडा मागच्या निळ्या ट्रिमरमध्ये (फिरवून सेट करायच्या छोट्या स्क्रूमध्ये) आहे. फोटोत तो उजवीकडे टोकापर्यंत फिरवलेला दिसतो, म्हणजे १ ते ४ नंबरच्या पल्सची रुंदी १५ मिलिसेकंद. व्होल्काचा स्वतःचा सिंक पल्स १५ चा असतो, त्यामुळे हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण बीटला २४ पल्स असताना १६६ बीपीएमच्या पुढे दोन पल्समधलं अंतरच १५ पेक्षा कमी होतं. पहिला खाली यायच्या आत दुसरा येऊन धडकतो आणि समोरच्या मशीनला सलग ५ व्होल्ट दिसतात. ट्रिमर डावीकडे नेऊन ५ मिलिसेकंदांवर ठेवा, २४० बीपीएमलाही अडचण नाही. ५ ते ८ नंबरचा या ट्रिमरशी संबंध नाही, ती तेव्हाही चालू असणार. एकदा बघून घ्या.

लाल पट्टीबद्दल राग आलाय, पण तो प्रश्न टाळाटाळ म्हणून विचारला नव्हता. पॉवर केबलची लाल पट्टी −१२ व्होल्टच्या पिनकडे हवी. उलटी लागली तर आमच्या बोर्डावर संरक्षक डायोड आहेत, शेजारच्या मॉड्यूलवर असतीलच असं नाही. शिवाय कनेक्टर नीट बसला नाही आणि −१२ पोहोचलंच नाही तर टीएल०७४ या ॲम्प्लिफायर चिपचं आउटपुट पूर्ण शून्यावर उतरत नाही. दिवा लुकलुकतो, पण समोरचं मशीन अडकून बसतं. फोनवर तुम्ही सांगितलेलं लक्षण नेमकं तसंच होतं.

गणपतीच्या कार्यक्रमात मध्येच एखादा ठोका जास्त पडला असंही लिहिलंय. लॅपटॉप यूएसबीने कीस्टेपला, चार्जर जनरेटरच्या लाइनवर, मिक्सर दुसऱ्या लाइनवर, असं असेल तर आधी ग्राउंडवर संशय घ्या. यूएसबीतून ग्राउंड सरळ जोडला जातो. पाच पिनच्या मिडी इनपुटला ऑप्टो (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारा भाग) असतो, तिथे ग्राउंडची जोडणी तुटते. मिडी इंटरफेसमधून पाच पिनची केबल घ्या, कीस्टेपला वेगळा अडॅप्टर द्या आणि मागचे दोन छोटे स्विच मिडीवर करा.

घरी तपासायचं तर टेम्पो ६० करा, कीस्टेप २४ वर, रीसेट, प्ले. ७ नंबरचा दिवा १० सेकंदांत २० वेळा लागला पाहिजे, ८ नंबरचा १० वेळा. १ ते ४ चे दिवे सेकंदाला २४ वेळा थरथरताना दिसतील, ते मोजू नका.

एवढं करूनही आकडे जुळले नाहीत तर मॉड्यूल पॉवर केबलसकट दुकानात घेऊन या, सिक्वेन्सरही आणा. आठही आउटपुटं तुमच्यासमोर स्कोपवर (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) लावू. १०० किलोओहमच्या लोडवर एक जरी ४.५ व्होल्टच्या खाली असेल किंवा भागाकार चुकत असेल तर पैसे लगेच परत, बिल नसलं तरी चालेल. बार्शी किंवा पंढरपूरकडून येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे बेंच मोकळा ठेवतो.