ऐकिडो हजार वर्षं जुना नाही आणि बिनास्पर्शाचा तर अजिबातच नाही

ऐकिडो या जपानी युद्धकलेवरचा तो मेसेज परत फिरायला लागलाय. पांढऱ्या दाढीचा जपानी म्हातारा हात हलवतोय, पोरं उडतायत असा व्हिडिओ आणि खाली मजकूर. सारांश असा की बोधिधर्माने भारतातून नेलेली ही विद्या जपानी साधूंनी हजार वर्षं जपली, हिच्यात हल्ला नाही फक्त प्रेम आहे, स्पर्श न करता 'की' म्हणजे आतल्या प्राणशक्तीने दहा जण लोळवता येतात, संस्थापकांनी बंदुकीच्या गोळ्या चुकवल्या, हिच्यात स्पर्धा नाहीत की पंथ नाहीत, आणि जपानच्या पोलिसांना हीच विद्या सक्तीची आहे. पोलिसांच्या बाबतीत थोडं खरं आहे, ते शेवटी सांगतो.

हजार वर्षांपासून सुरू करू. ऐकिडो उभा केला मोरिहेई उएशिबांनी, जन्म १८८३, म्हणजे आपल्या सावरकरांच्याच वर्षीचा, गाव तानाबे. १९१५ साली होक्काइडोत त्यांना सोकाकू ताकेदा भेटले आणि त्यांच्याकडून ते दाइतो-र्यू नावाचं जुजुत्सू म्हणजे जुनी जपानी झटापटीची कला शिकले, ऐकिडोची बहुतेक तंत्रं तिथनंच आली. हे ताकेदा काही साधूबिधू नव्हते बरं का, आइझूच्या सामुराई घरातला भयंकर संशयी माणूस, गावोगाव फिरून शिकवायचा, फी घ्यायचा आणि कोण शिकलं त्याची वहीत नोंद ठेवायचा, म्हणून तर आज हे सगळं तपासता येतं. दाइतो-र्यूवाले स्वतःची परंपरा पार अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत नेतात, पण ताकेदांच्या मागे ठोस कागद सापडत नाही, म्हणजे जुनं असल्याचा हौशी दावा जपानी लोकांनीही केलाय, आपणच नाही. आणि 'ऐकिडो' हे नाव अधिकृतपणे पक्कं झालं १९४२ साली, इकडे चले जाव चालू होतं तेव्हा.

बोधिधर्माचं म्हणाल तर त्याने चीनच्या शाओलिन मठात व्यायाम नाहीतर युद्धकला शिकवली ही गोष्ट सतराव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथाच्या आधारावर उभी आहे, बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी आलेल्या. चीनच्याच तांग हाओ या अभ्यासकाने १९३०च्या दशकात ती खोडून काढली. आपली केरळची युद्धकला कलरीपयट्टू भारी आहे, त्याला मोठं व्हायला ऐकिडोचा बाप व्हायची काही गरज नाही.

'हल्ला नाही, फक्त प्रेम' हा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे आणि अर्ध्या खऱ्याचाच जास्त त्रास होतो. ओमोतो-क्यो नावाचा एक नवा धर्मपंथ होता, त्याचे पुढारी ओनिसाबुरो देगुची यांचा उएशिबांवर जबरदस्त प्रभाव पडला, इतका की १९२४ साली ते देगुचींबरोबर मंगोलियात धर्मराज्य काढायला गेले आणि चिनी सैन्याच्या हातून मरता मरता वाचले. प्रतिस्पर्ध्याचा नाश करायचा नाही, त्याच्याशी जुळवून घेऊन संघर्ष मिटवायचा ही भाषा त्या वळणातून आली आणि युद्धानंतर अजून ठळक झाली. पण हेच उएशिबा १९३०च्या दशकात लष्कर आणि नौदलाच्या संस्थांमध्ये शिकवत होते, आणि १९३१ साली तोक्योत उघडलेल्या त्यांच्या कोबुकान दोजोला म्हणजे सराव-शाळेला लोक 'नरक दोजो' म्हणायचे. आतेमी म्हणजे ठोसे-फटके, तेही यात आहेत. त्यांचे शिष्य गोझो शिओदा सांगायचे की गुरूंच्या मते खऱ्या लढाईत सत्तर टक्के आतेमी असतं. निक्यो नाहीतर कोतेगाएशी हे मनगट पिळायचे डाव एकदा मनगटावर नीट लागू द्या, मग प्रेमाबद्दल बोलू.

आता तो व्हिडिओ. पोरं उडतात कारण ती उकेमी घेतायत, म्हणजे पडण्याचं शिक्षण, आणि ते ऐकिडोत पहिल्या दिवसापासून शिकवतात. मनगट वळलं की शरीराने मागोमाग जायचं, नाहीतर सांधा दुखावतो. रोज सराव केला की उकेला म्हणजे पडणाऱ्याला तंत्र लागायच्या आधीच अंदाज येतो आणि तो आधीच निघतो, आणि समोर म्हातारे गुरुजी असतील तर जरा जास्तच लवकर निघतो. यात फसवणूक असलीच पाहिजे असं नाही, सवय आणि आदर दोन्ही असतं. पण त्याला बिनास्पर्शाची शक्ती म्हणायचं तर आधी न शिकलेल्या, सहकार्य न करणाऱ्या माणसावर करून दाखवा ना.

गोळ्यांची गोष्ट शिओदांच्याच आठवणीतली आहे. गंमत अशी की तेच पुढे सांगतात की एकदा एक कसलेला शिकारी समोर बंदूक घेऊन उभा राहिला, तेव्हा उएशिबांनी त्याला थांबवलं, तुझी गोळी मला लागेल म्हणाले. हा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही. मला तर तोच जास्त आवडतो, समोरचा ओळखून थांबणारा माणूस चमत्कारवाल्यापेक्षा कधीही मोठा.

स्पर्धा नाहीत? केन्जी तोमिकी हे ज्युदोच्या जिगोरो कानोंचेही शिष्य, त्यांनी वासेदा विद्यापीठात स्पर्धावाला ऐकिडो घडवला, एकाच्या हातात मऊ सुरा, दुसरा रिकाम्या हाताने, आणि गुण मोजायचे. पंथांचं तर विचारूच नका. मूळ घराण्याची संस्था ऐकिकाई, तिथे उएशिबांचा मुलगा किश्शोमारू आणि आता नातू मोरितेरू. इवामा गावात मोरिहिरो साइतोंनी तलवार आणि काठीचा सराव हातातल्या तंत्रांइतकाच महत्त्वाचा मानला. कोइची तोहेई ऐकिकाईचे मुख्य शिक्षक होते, 'की'वर भर द्यायचे, त्यावरून खटके उडाले आणि १९७४ साली ते बाहेर पडले. म्हणजे ज्या 'की'चा मेसेजमध्ये एवढा उदोउदो, तिच्यावरूनच सगळ्यात मोठी फूट पडली.

आणि पोलीस. शिओदांनी १९५५ साली योशिनकान ही वेगळी संस्था काढली, तिची शैली कडक, पावलं मोजूनमापून. तोक्योच्या दंगलविरोधी पथकातले निवडक पोलीस तिथे जवळपास वर्षभराचा कोर्स करतात, तो खरंच हाडं मोडणारा आहे. पण निवडक म्हणजे निवडकच, सरसकट जपानी पोलिसांचा रोजचा सराव आजही ज्युदो नाहीतर केंडोचाच असतो.