बोडी बुजवल्याने पृथ्वी थंड होत नाही

गेल्या पंधरवड्यात आमच्या काकाजींच्या मोबाईलवर एक संदेश आला आणि दोन दिवसांत तो अर्ध्या गावात फिरला. तिबेट-हिमालयातील उंचावरच्या पाणथळ जमिनींतून मिथेन निघतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट घातक आहे, म्हणून गावोगावच्या बोड्या, म्हणजे धानाला पाणी पुरवणारी छोटी तळी, आणि तलावच उष्णता वाढवत आहेत व ते बुजवून तेथे धान लावावे, असा त्याचा मजकूर होता. आयुष्यभर धान पिकवलेल्या काकाजींनी तो खरा मानून हा विषय ग्रामसभेत मांडायचे ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आधी त्या सल्ल्याबद्दल. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू पोहोचत नाही, तेव्हा तेथील सूक्ष्मजीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून मिथेन तयार करतात. ही क्रिया बोडीच्या तळाशी होते, तशीच रोवणीनंतर पाणी धरून ठेवलेल्या बांधीतही, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतातही, होते. जगाच्या मिथेनच्या हिशेबात भातशेतीचे खाते वेगळे मांडले जाते, ते याचमुळे. मिथेनच्या भीतीने बोडी बुजवून तिच्या जागी धान लावा, असे सांगणाऱ्याने बोडी आणि बांधी यांपैकी काहीही पाहिलेले नाही. शिवाय धान निसवण्याच्या वेळी पावसाने दडी मारली, तर आज बोडीचे पाणी उताराने आपोआप बांधीत येते. उद्या त्यासाठी बोअरवेलचा पंप चालवावा लागेल आणि त्याची वीज बहुतांशी कोळसा जाळूनच येईल.

आता हिमालयाकडे. पाणथळ जमिनी हा मिथेनचा सर्वात मोठा नैसर्गिक स्रोत आहे, हे मान्य करावेच लागते. परंतु संदेशाने अर्धीच गोष्ट सांगितली आहे. तिबेटच्या पठाराच्या पूर्व कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, झोइगे नावाचा विस्तीर्ण दलदलीचा प्रदेश आहे. थंडी आणि पाणी यांमुळे तेथील गवत पूर्ण कुजत नाही. त्याचे थर हजारो वर्षे साचत जाऊन कार्बनचे कोठार बनले आहे. गेल्या शतकात चराई वाढवण्यासाठी तेथे चर खणून पाणी काढले गेले. पाण्याची पातळी उतरली की मिथेन कमी होतो, हे खरे. पण त्या थरांत हवा शिरते, ते कुजू लागतात आणि कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे बाहेर पडत राहतो.

हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीच्या, पाणथळ जमिनींवरील २०१३ च्या पुरवणीत अशा उपसलेल्या जमिनींसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड व नायट्रस ऑक्साइड हा उष्णता वाढवणारा आणखी एक वायू तर धरले आहेतच, पण पाणी काढण्यासाठी खणलेल्या चरांतून निघणारा मिथेनही धरला आहे.

२८ पटींचा आकडा चुकीचा नाही. तो १०० वर्षांचा हिशेब आहे आणि २० वर्षांचा मांडला तर तो सुमारे ८० पटींवर जातो. मात्र मिथेन हवेत साधारण १२ वर्षे टिकतो, तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके राहतो. म्हणून जुन्या पाणथळीचा मिथेन एका मर्यादेत राहतो, आणि उपसलेल्या दलदलीचा कार्बन डायऑक्साइड साचतच जातो.

आमच्या बोडीत असे थर नाहीत. ती उन्हाळ्यात आटते, तिच्या तळाशी गाळ असतो आणि तो गाळ आपण शेतात नेऊन टाकतो. झोइगेचे मोजमाप तिला लावणे दोन्ही बाजूंनी चूक आहे. बोडीच्या मिथेनमुळे गावात ऊन वाढते, हा मुद्दा तर विचारात घेण्याजोगाही नाही. हा वायू जगभरच्या हवेत मिसळून जातो, आणि बोडीच्या पाण्याचे बाष्पीभवन काठाला गारवाच देते.

मिथेन कमी करायचाच असेल, तर गावाचे सांडपाणी आणि कुजणारी बेशरम नावाची झुडपे बोडीत जाऊ देऊ नयेत, कारण असे खाद्य मिळाले की तो वाढतो. जेथे पाण्यावर ताबा आहे तेथे बांधीतले पाणी अधूनमधून उतरू द्यावे. त्याने धानाचा मिथेन लक्षणीय घटतो, फक्त त्या वेळी युरियाचा मारा करू नये, नाहीतर नायट्रस ऑक्साइड वाढतो. हे सगळे मी काकाजींना समोर बसून सांगितले आहे. ग्रामसभेत त्यांनी विषय मांडावाच, पण तो बोडीतला गाळ काढण्याचा आणि पाळ दुरुस्त करण्याचा असावा, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.