सगळी चमक मारू नका, भो

लग्नसराई लागली की अमळनेरच्या माझ्या चष्म्याच्या दुकानात फोटोवाल्यांची ये-जा वाढते. यंदा त्यातल्या तिघांनी मला एकच मेसेज दाखवला. जळगाव, धुळे, नंदुरबार, सगळीकडच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर तो फिरतोय म्हणे. मेसेज असा: ‘डोळ्याने फोकस लावणारा कॅमेरा चष्मेवाल्याला दगा देतो, कारण चमक. डोळ्यावरची, काचेवरची सगळी चमक घालवा. त्यासाठी अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगची काच लावा. उन्हात आतला उजेड वाढवा. उरलेलं सॉफ्टवेअर बघून घेतं. पण जपून, इन्फ्रारेडने डोळे जातात.’ हा कॅमेरा म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) तुमची नजर जिथे जाईल तिथेच फोकस लावणारा.

‘मामा, हीच काच द्या,’ असं म्हणत एकाने पैसेही काढले. म्हणजे हे मी माझ्याच गल्ल्याच्या विरोधात लिहितोय.

‘सगळी चमक घालवा.’ घालवली तर कॅमेरा आंधळा होईल. व्ह्यूफाइंडरच्या कडेला बारीक इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे, एलईडी असतात आणि आत एक चिमुकला कॅमेरा तुमच्या डोळ्याकडे बघत असतो. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचं पारदर्शक पटल, हा जवळपास ७.८ मिलिमीटर त्रिज्येचा फुगीर आरसाच. त्यावर एलईडीचा ठिपका उमटतो. डोळ्यात अशी चार प्रतिबिंबं तयार होतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जातात आणि आपला ठिपका त्यातला पहिला. नजर फिरली की बाहुली सरकते, ठिपका तितका सरकत नाही. दोघांमधल्या अंतरावरून यंत्र नजरेची दिशा काढतं. एक अंश नजर फिरली तर हा फरक पडतो जेमतेम ०.०८ मिलिमीटर. एवढ्या बारीक मापाचा सगळा भार त्या ठिपक्यावर, आणि मेसेज सांगतो तोच पुसा! कुणी हुशारीने आडवे-उभे पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा उजेड सोडणाऱ्या गाळण्या, लावून काचेची चमक मारायला गेलाच, तर हा ठिपकाही तिच्याबरोबर जातो. दोन्ही थेट पृष्ठभागावरूनच परतलेले, पोलरायझरला दोघांत फरक दिसत नाही.

वाईट चमक वेगळी. ती चष्म्याच्या काचेवरून किंवा यंत्राच्या स्वतःच्या भिंगांवरून येते आणि नेमकी बाहुलीच्या कडेवर येऊन बसते. बाहुलीची कड झाकली गेली की मध्य चुकतो. मध्य चुकला की नवरदेवाऐवजी मागच्या केळीच्या खांबावर फोकस जातो.

आता कोटिंग, म्हणजे चमक कमी करायला काचेवर दिलेले बारीक थर. इथे मेसेज सगळ्यात जास्त फसवतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून पडलेल्या उजेडातला साधारण ४ टक्के उजेड परततो, दोन्ही मिळून ८ च्या आसपास. जास्त नंबरवाल्यांना आपण पातळ काच देतो. तिचा अपवर्तनांक (उजेड वाकवण्याची ताकद) १.६७ असला तर एकेका पृष्ठभागाचेच ६ टक्क्यांवर जातात. कॉर्नियाचा ठिपका मात्र अडीच टक्क्यांचा. म्हणजे काचेची चमक ठिपक्याला सहज मागे टाकते, एवढं मेसेजचं बरोबर. पण आपण विकतो ते कोटिंग माणसाला दिसणाऱ्या उजेडासाठी, साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी, बेतलेलं असतं. एकेका थराची जाडी त्याच हिशेबाने ठरते. या कॅमेऱ्यांचे एलईडी बहुधा ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे. तिथे थरांचा मेळ बिघडतो आणि कित्येक कोटिंगच्या काचा साध्या काचेपेक्षा जास्त इन्फ्रारेड परत फेकतात. ‘उन्हाची उष्णता अडवणारी’ म्हणून मे महिन्यात आमच्याकडे जी काच मागतात, त्यातल्या काही तर मुद्दामच इन्फ्रारेड परतवण्यासाठी केलेल्या असतात.

पटत नसेल तर टीव्हीचा रिमोट घ्या. रात्री दिवे बंद करा, रिमोटचं बटण दाबून त्याचा एलईडी मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा (मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा फिल्टर असतो). आता एलईडीचं प्रतिबिंब आधी साध्या काचेत आणि मग कोटिंगच्या काचेत पकडा. ट्यूबलाइट जिच्यात जेमतेम हिरवट दिसते, तिच्यातच रिमोटचा ठिपका ठळक दिसला तर मला शिव्या देऊ नका.

कोटिंग निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. यंत्राच्या आतल्या भिंगांवर एलईडीच्या तरंगलांबीचं कोटिंग दिलं, भिंगांच्या कडा काळ्या केल्या, नळीच्या आतली बाजू मॅट काळी ठेवली, की आतली भूतप्रतिबिंबं खरंच कमी होतात. पण ते काम यंत्र बनवणाऱ्याचं, माझ्या काउंटरवरचं नाही.

‘उन्हात आतला उजेड वाढवा.’ एलईडीचा उजेड दुप्पट केला की ठिपका दुप्पट आणि काचेची चमकही दुप्पट. प्रमाण तेच राहतं, वर चमकेचा भाग पांढराफट्ट होऊन खालचं सगळं पुसलं जातं. उन्हाशी लढायची खरी रीत वेगळी: आतल्या कॅमेऱ्याने एक फोटो एलईडी लावून घ्यायचा, लगेच दुसरा एलईडी बंद करून, आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा, म्हणजे ऊन निघून जातं. जोडीला एलईडीचीच तरंगलांबी आत सोडणारा फिल्टर. हवेतली वाफ ९४० च्या आसपासचं ऊन बरंच गिळते, म्हणून ती तरंगलांबी बाहेरच्या कामाला बरी. आपल्या वैशाखातल्या कडक उन्हात ही मदतही तोकडी पडते. मग व्ह्यूफाइंडरभोवतीचा रबरी आयकप भुवईला घट्ट टेकवणं हाच उपाय.

‘सॉफ्टवेअर बघून घेतं.’ काही अंशी घेतंच. एलईडी आळीपाळीने लावून कोणता ठिपका कॉर्नियाचा आणि कोणता काचेचा, हे त्याला ओळखता येतं. पण बाहुलीची कड पांढऱ्या डागाखाली गेली की उरतो तो फक्त अंदाज.

डोळे जाण्याची भीती मात्र सोडा. भट्टीसमोर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या काचकामगारांना इन्फ्रारेडने मोतीबिंदू होत असे, हे खरं. पण कुठे ती भट्टी आणि कुठे हे एलईडी. दिव्यांच्या अशा सुरक्षिततेसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ६२४७१ हे मानकच आहे.

आणि हे तंत्र काही कालचं नाही. कॅननने १९९२ मध्ये ईओएस ५ या फिल्म कॅमेऱ्यात ते आणलं, मग डिजिटलच्या काळात बराच काळ ते गायब होतं आणि २०२१ च्या ईओएस आर३ मध्ये परतलं. चष्म्याचा प्रश्न तेव्हाही होता. चष्मा लावून एकदा आणि काढून एकदा, घरात आणि उन्हात, असं वेगवेगळं कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याला आपल्या नजरेची ओळख करून देणं) करून ठेवणं हे मेसेजमधल्या सगळ्या उपायांपेक्षा कामाचं. त्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही.

पैसे काढणाऱ्या त्या पोराला मी काच विकली नाही. त्याची फ्रेम नाकावरून घसरत होती आणि काचा अगदी उभ्या होत्या. काड्या गरम करून काचेची खालची कड गालाकडे ५ अंशांनी झुकवली. आरसा ५ अंश कलला की परावर्तन १० अंश वळतं, म्हणजे डाग बाहुलीवरून बाजूला सरकायची चांगली शक्यता. नंबर मोठा असता तर इतकं झुकवलं नसतं, नजरेत फरक पडतो. मग त्याला दुकानाबाहेर उन्हात उभं करून कॅलिब्रेशन करायला लावलं. तीनदा केलं त्याने. चौथ्यांदा करताना समोरच्या रसवंतीवाल्याच्या चरख्यावर फोकस बसला.