मोडलेला जबडा आणि हादरलेला मेंदू: रग्बी लीगमधल्या निवृत्तीवरच्या एका फिरत्या मजकुराला उत्तर

रग्बी लीगच्या जुन्या सामन्यांच्या क्लिपांखाली एक मजकूर हमखास चिकटवलेला दिसतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच: "जबडा मोडला तरी सॅटलर फायनल खेळला. खांद्याचं हाड मोडलेलं असताना क्रॉन्क खेळला. ते खरे मर्द. आजच्या पोरांना डोक्याला टोला बसला की निवृत्ती. सर्जरीने नऊ महिन्यांत गुडघा नवा होतो, डोक्याला हेडगिअर असतं, डॉक्टर फिट म्हणतात, तरी सोडतात. का? घरबसल्या कराराचे पैसे मिळतात म्हणून."

यातली काही वाक्यं खरी आहेत, म्हणूनच तो मजकूर पटतो. त्यामुळे एकेक वाक्य घेऊन बघू.

त्याआधी खेळाबद्दल दोन ओळी, कारण आपल्याकडे रग्बी म्हटलं की युनियन किंवा सेव्हन्स डोळ्यांपुढे येतं. लीग वेगळी. १३ खेळाडू, ८० मिनिटं, आणि चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकलची (धरून पाडलं जाण्याची) मुभा. दर टॅकलनंतर बचावाची फळी १० मीटर मागे जाते आणि लगेच धावत पुढे येते. समोरून चेंडू घेतलेला गडीही धावतच येत असतो. म्हणजे टक्कर दोन्ही बाजूंच्या वेगाची, आणि मधल्या पट्ट्यातले फॉरवर्ड (पुढच्या फळीतले धिप्पाड गडी) व हूकर (टॅकलनंतर चेंडू उचलून देणारा) एका सामन्यात ३०-४० वेळा तिला सामोरे जातात. कबड्डीतला डॅश पाहिलेल्यांना थोडी कल्पना येईल. फक्त इथे समोरचा १०० किलोच्या पुढचा असतो. निवृत्तीचा हिशेब इथूनच सुरू होतो: दुखापत कुठे आहे, आणि तो खेळाडू मैदानात कुठे उभा राहतो.

"जबडा मोडला, हाड मोडलं, तरी खेळले"

खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या लीगच्या १९७० च्या फायनलमध्ये साउथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर सुरुवातीच्याच मिनिटांत जबडा मोडून घेऊन शेवटपर्यंत खेळला. २०१४ ला त्याच क्लबच्या सॅम बर्जेसचं गालाचं हाड पहिल्याच टकरीत मोडलं आणि सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदक त्यालाच मिळालं. २०१८ ला सिडनी रूस्टर्सचा कूपर क्रॉन्क खांद्याचं पातं मोडलेलं असताना फायनलला उतरला.

आता या तिघांत सारखं काय ते पाहा. तिन्ही सामने मोसमातले शेवटचे. त्यानंतर कित्येक महिने मैदानाचं तोंड बघायचं नव्हतं. तिन्ही दुखापती हाडाच्या, आणि हाड नीट बसवलं तर सांधतं. क्रॉन्कने तर चेंडू हाती घेणं जवळपास टाळलंच. तो उभ्या जागेवरून माणसं हलवत होता. पुढच्या वर्षी आणखी एक विजेतेपद घेऊन तो आपल्या वेळेने निवृत्त झाला. "हा एक सामना निभेल का" या प्रश्नाचं हे उत्तर होतं. गंभीर दुखापतीनंतर खेळाडूपुढे असतो तो प्रश्न "पुढचे ६०-७० सामने निभतील का" असा असतो. दोन्हींना एकच माप लावून चालत नाही.

वेदना मारणारं इंजेक्शन कुठे देतात यावरूनही हे कळतं. बरगडी, बोट, खांद्याच्या टोकाचा छोटा सांधा, कमरेच्या हाडाची कड इथे भूल देऊन खेळवणं या खेळात जुनंच आहे, कारण तिथे नुकसान वाढण्याचा धोका तुलनेने कमी असतो. गुडघा किंवा घोटा बधिर करून खेळवायला शहाणा डॉक्टर नाही म्हणतो. वजन पेलणाऱ्या सांध्याची वेदना हीच त्याची राखण असते. मेंदूला तर असलं इंजेक्शनच नाही.

"नऊ महिन्यांत गुडघा नवा होतो"

नवा होत नाही, दुरुस्त होतो. आणि नऊ महिने ही मुदत नसून खालची मर्यादा आहे.

एसीएल, म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलं की सर्जन त्याच खेळाडूच्या हॅमस्ट्रिंगचा, गुडघ्याच्या वाटीखालचा किंवा मांडीच्या पुढच्या स्नायूचा कंडरा काढतो, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत बोगदे पाडतो आणि तो कंडरा त्यांतून ओवून घट्ट बसवतो. हा ग्राफ्ट पहिल्या काही आठवड्यांत आधी कमजोर होतो, कारण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नवा रक्तपुरवठा येऊन कंडऱ्याचं लिगामेंटसारखं रूप व्हायला वर्ष ते दोन वर्षं लागतात. घोळ होतो तो मधल्या काळात. चौथ्या महिन्यात दुखणं थांबलेलं असतं, सूज नसते, सरळ रेषेत धावता येतं, आणि खेळाडूला वाटतं की झालं. आत ग्राफ्ट मात्र अजून कच्चा असतो.

म्हणून कॅलेंडर बघून मैदानात सोडत नाहीत. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद यंत्रावर मोजतात. जखमी पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरला पाहिजे. मग एका पायावरच्या उड्या: एक लांब उडी, सलग तीन, रेषेच्या दोन्ही बाजूंना आडव्या तीन, आणि ६ मीटर अंतर घड्याळ लावून. मग दिशा बदलणं, मग अंगावर माणूस घेणं. या मोजमापातही एक खोट आहे: इतक्या महिन्यांत चांगला पायही ढिला पडलेला असतो, त्यामुळे ९० टक्के म्हणजे कमजोर पायाच्या ९० टक्के असू शकतात. चांगल्या क्लबांकडे म्हणूनच दुखापतीआधीचे आकडे जपून ठेवलेले असतात. मनाची तयारी वेगळी प्रश्नावली भरून तपासतात, कारण टॅकलला जाताना अर्धं मन मागे राहिलं की पाय चुकीचा पडतो.

एसीएलसोबत मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटली असेल तर गणित आणखी बदलतं. गादी शिवली तर सुरुवातीचे काही आठवडे गुडघा ९० अंशांपुढे वाकवून भार टाकायचा नाही; परतणं लांबतं, पण सांधा टिकतो. फाटलेला तुकडा कापून टाकला तर खेळाडू लवकर परततो आणि कूर्चा लवकर झिजते. ३१ वर्षांच्या खेळाडूला करार वर्षभरात संपत असताना यातलं एक निवडायचं असतं. तो मजकूर लिहिणाऱ्यांना हा पेच माहीत असेल असं दिसत नाही.

२०२१ चा रूस्टर्सचा मोसम यासाठी अभ्यासण्यासारखा आहे. ल्यूक कीरी आणि ब्रेट मॉरिस, दोघांचंही एसीएल त्याच मोसमात गेलं. कीरी २९ चा, २०२२ ला परतला. मॉरिस ३४ चा विंगर, म्हणजे कडेने धावणारा. त्याने थांबायचं ठरवलं. वर्षभर पुनर्वसन करून ३५ व्या वर्षी परतायचं, तेही ज्या जागेचं सगळं भांडवल वेगावर आहे तिथे. यात हिमतीचा प्रश्न कुठे आला?

परतणारेही पुष्कळ आहेत, ते नाकारायचं कारण नाही. मेलबर्न स्टॉर्मच्या रायन पापेनहायझनची गुडघ्याची वाटी जुलै २०२२ मध्ये फुटली, तो वर्षभराहून अधिक काळाने परतला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये घोटा मोडला. पुन्हा परतला. त्याच क्लबच्या बिली स्लेटरची २०१५ आणि २०१६ ही दोन वर्षं खांद्याच्या शस्त्रक्रियांत जवळपास वाया गेली. २०१७ ला तो विजेत्या संघात होता आणि क्लाइव्ह चर्चिल पदकही त्याचंच. लोक स्लेटरचं उदाहरण देऊन विचारतात, मग सॅम बर्जेसला काय झालं होतं? तोच बर्जेस, गालाचं हाड मोडून खेळलेला. २०१९ ला खांद्यापुढे हरून त्याने तिशीतच निवृत्ती घेतली. स्लेटर फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा. सामन्यात मोजके टॅकल, तेही बहुतेक मोकळ्यावर. बर्जेस फॉरवर्ड. त्याला तोच खांदा दर शनिवारी ३० वेळा पुढे करायचा. त्यात सांध्याला संसर्ग झालेला. सांध्याचं नाव एक असलं तरी दोघांची कामं निराळी होती.

मर्दानगीच्या मुद्द्याबद्दल एवढंच: एनआरएलची (ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च लीगची) महिला लीग २०१८ पासून चालू आहे, आणि एसीएल तुटण्याचं प्रमाण महिला खेळाडूंत पुरुषांहून जास्त आहे. त्याही तेच पुनर्वसन करतात.

"हेडगिअर असतं की"

हेडगिअर कान आणि कातडी वाचवतं. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा हादरा, होतं ते डोकं झटक्यात थांबल्यावर किंवा वळल्यावर मेंदू कवटीत हलतो म्हणून. बाहेर फोम लावून आतलं हलणं थांबत नाही.

"डोक्याला टोला बसला की निवृत्ती"

एका टोल्यावर कोणी निवृत्त होत नाही. नियम असा आहे: डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि १५ मिनिटांची तपासणी. बेशुद्ध पडणं, तोल जाणं, हातपाय ताठणं असं स्पष्ट लक्षण दिसलं तर तपासणीत पास होण्याचा प्रश्नच नाही, त्या दिवशी परत नाही. २०२३ पासून एनआरएलमध्ये अशा खेळाडूला ११ दिवस सक्तीने बाहेर बसावं लागतं. सवलत हवी असेल तर स्वतंत्र मेंदूतज्ज्ञाची परवानगी लागते. परतणं पायरीपायरीने होतं: हलका व्यायाम, धावणं, चेंडूसह पण टक्कर नसलेला सराव, मग टकरीचा सराव, मग सामना. एखाद्या पायरीवर डोकं दुखलं, गरगरलं, उजेड सोसेना झाला, तर एक पायरी मागे.

बहुतेक जण असे परततातही. निवृत्तीची चर्चा सुरू होते ती आकड्यावरून नव्हे. "तीन कन्कशन झाले की बंद" असा कुठलाही नियम नाही. तज्ज्ञ बघतात ते चढता क्रम आहे का. आधी जोरदार धडकेने व्हायचं ते आता साध्या टॅकलने होतंय का. आधी चार दिवसांत निवळायचं त्याला आता चार आठवडे लागतात का. दोन घटनांमधलं अंतर कमी होतंय का. स्मृती आणि प्रतिसादाच्या चाचण्यांचे आकडे मोसमाच्या सुरुवातीच्या पातळीवर परततात का. यातल्या दोन-तीन प्रश्नांना "हो, बिघडतंय" असं उत्तर आलं की प्रामाणिक डॉक्टर गप्प बसत नाही.

जेक फ्रेंड आणि बॉइड कॉर्डनर हे असेच थांबले, पुन्हा २०२१ चं रूस्टर्सच. फ्रेंड हूकर, ३१ चा. पहिल्याच फेरीत डोक्याला लागलं आणि एप्रिलमध्ये त्याने सोडलं. कॉर्डनर कर्णधार, २०१८ आणि २०१९ ची विजेतेपदं त्याच्या नावावर. २०२० च्या नोव्हेंबरमधल्या ओरिजिन सामन्यानंतर (न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड ही राज्यांची लढत) तो उतरलाच नाही, आणि जूनमध्ये २९ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. सात महिने वाट पाहणाऱ्याला "टोला बसला की पळाला" म्हणायचं असेल तर म्हणावं.

या सावधपणामागे कारण आहे. वारंवारच्या धक्क्यांनी होणारा सीटीई हा मेंदूचा झिजणारा आजार जिवंतपणी खात्रीने ओळखता येत नाही. मृत्यूनंतर मेंदूच्या कापांत ताऊ नावाच्या प्रथिनाचे साठे पाहूनच निदान होतं. सिडनीच्या कँटरबरी क्लबचे फॉरवर्ड आणि २००४ चे विजेते प्रशिक्षक स्टीव्ह फोक्स २०१८ ला ५९ व्या वर्षी वारले. त्यांच्या मेंदूत सीटीई सापडल्याचं २०१९ ला जाहीर झालं. लक्षणं न दाखवणारे छोटे धक्केही यात मोजले जातात. म्हणून आता टकरीचा सरावही बेताने घ्यावा, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.

"डॉक्टर फिट म्हणतात"

कोणता डॉक्टर, आणि त्याला विचारलं काय होतं? सर्जन सांगतो ग्राफ्ट धरला का. क्लबचा डॉक्टर सांगतो या आठवड्यात उतरता येईल का. दोघांचं "हो" खरं असूनही तिसरा प्रश्न उरतो: पुढच्या टकरीत बिघडलं तर काय बिघडेल?

मान हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. मानेतली एक चकती काढून दोन मणके जोडले, हाडं पक्की जुळली आणि हातात मुंग्या किंवा कमजोरी नसेल, तर परत खेळता येतं. दोनहून अधिक पातळ्या जोडल्या असतील, मज्जारज्जूचा मार्ग अरुंद असेल आणि धडकेनंतर काही मिनिटं चारही हातपाय बधिर झाले असतील, तर दुखत नसतानाही "नको" असाच सल्ला मिळतो. अँड्र्यू जॉन्स हा या खेळातला बहुधा सर्वोत्तम हाफबॅक, म्हणजे चाली रचणारा खेळाडू. २००७ च्या एप्रिलमध्ये मानेची चकती बाहेर आलेली दिसली आणि ३२ व्या वर्षी त्याने थांबण्याचा निर्णय घेतला. मानेचं काय होऊ शकतं हे २०१४ मध्ये न्यूकॅसलच्या २२ वर्षांच्या अ‍ॅलेक्स मॅकिननची मान टॅकलमध्ये मोडून हातपाय लुळे पडल्यानंतर कोणाला सांगायला नको.

"घरबसल्या पैसे मिळतात"

वैद्यकीय निवृत्ती ही खेळाडूने चिठ्ठी दिली की मिळणारी गोष्ट नाही. पगारमर्यादेतून (क्लबने खेळाडूंवर एकूण किती खर्च करायचा याच्या लीगच्या मर्यादेतून) सूट मिळावी म्हणून क्लब अर्ज करतो, लीग स्वतंत्र तपासणी करवते, दुखापत खेळातूनच झाली का आणि ती करार करण्याआधीची जुनी तर नव्हती ना, हे बघितलं जातं. सूट मिळाली तर मोकळी झालेली जागा क्लबच्या कामी येते. म्हणजे निवृत्तीत पैशाचा हिशेब आहेच, पण तो अनेकदा क्लबचा असतो, आणि खेळाडूवर दबाव दोन्ही दिशांनी येऊ शकतो: खेळ म्हणून, आणि थांब म्हणूनही. त्यात न्यू साउथ वेल्समध्ये, जिथे एनआरएलचे बहुतेक क्लब आहेत, व्यावसायिक खेळाडूंना सामान्य कामगार भरपाईच्या कायद्यातून वगळलेलं आहे. बांधकामावर खांदा गेलेल्या मजुराला जो हक्क आहे तो टॅकलमध्ये खांदा गेलेल्याला नाही.

इंग्लंडच्या खालच्या विभागांत तर खेळाडू अर्धवेळ असतात. आठवडाभर नळकाम, गवंडीकाम, शाळेत शिकवणं, आणि रविवारी सामना. त्यांचा खांदा गेला तर दोन उत्पन्नं जातात. अशा खेळाडूला खेळाडूंच्या संघटनेचे लोक सल्ला देतात तो कोरडा पण उपयोगाचा: एमआरआयच्या प्रती स्वतःकडे ठेवा, प्रत्येक इंजेक्शनची तारीख आणि जागा लिहून ठेवा, निवृत्तीच्या कागदावर सही करण्याआधी पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार हे लेखी घ्या, आणि मत घ्यायचं ते क्लबच्या पगारावर नसलेल्या सर्जनचं.