‘आपल्या टॅक्सच्या पैशातून’

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी मेसेज टाकला. भाडेकरू जागा बळकावून बसतात आणि वर सरकार त्यांना फुकट वकील देतं, तेही आपल्या टॅक्सच्या पैशातून. खाली धडाधड अंगठे. तो फुकट वकील मीच आहे हे काकांना माहीत नसावं, किंवा असेलही. तिथे बोलले नाही, उगाच विषय पार्किंगवर जातो. इथे बोलते, इथे आपलीच माणसं आहेत.

माझ्या एक पक्षकार आहेत, मी त्यांना मावशी म्हणते. नाव-पत्ता अर्थातच सांगणार नाही. मुंबईतली जुनी चाळ, एक खोली, भाडेपावती नवऱ्याच्या नावावर. नवरा गेला. पुढच्या महिन्यात मालकाचा वसुलीवाला म्हणाला, पावती त्यांच्या नावाची, आता कोणाच्या नावाने फाडू, बघू नंतर. आणि नंतर तो आलाच नाही. मावशींनी काय करावं? दर महिन्याचं भाडं वेगळ्या पाकिटात घालायचं, पाकिटावर महिन्याचं नाव लिहायचं आणि गॅसच्या पुस्तकासोबत पिशवीत ठेवायचं. मनीऑर्डरही करून बघितली, ‘घेण्यास नकार’ असा शेरा लागून परत आली. आणि मग एक दिवस स्मॉल कॉजेस कोर्टाचं, म्हणजे जिथे घरमालक-भाडेकरूंचे दावे चालतात त्या कोर्टाचं, समन्स. कारण काय, तर भाडं थकवलं!!

हे वाचून चिडचिड होत नसेल तर पुढचं वाचू नका.

कायदा खरं म्हणजे मावशींच्या बाजूनेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नवरा वारला तेव्हा सोबत राहणारी बायको भाडेकरू होऊ शकते, त्यासाठी मालकाची कृपा लागत नाही. पावती न देणं हा मालकाचा गुन्हा आहे. थकबाकीचा दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळं भाडं १५ टक्के व्याज आणि दाव्याच्या खर्चासकट कोर्टात भरलं आणि पुढे भरत राहिलं, तर थकबाकीसाठी घर खाली करायचा हुकूम देता येत नाही. एवढं सरळ आहे. पण हे मावशींना कोण सांगणार? सांगायला वसुलीवालाच आला, काय म्हणाला माहितीये? कोर्टात जायची गरज नाही, आम्ही आपसात मिटवतो. आणि मावशी घरी बसल्या. तारखेला गेल्या नाहीत. शेजारच्या मुलाने कागद वाचून हाताला धरून आणलं म्हणून, नाहीतर एकतर्फी निकाल आणि मग घर खाली करायला डायरेक्ट कोर्टाचा बेलिफ दारात. माझ्यापर्यंत पोचल्या तेव्हा ९० पैकी थोडेच दिवस उरले होते.

आता ती थकबाकी किती, तर जुनं पागडीचं (सुरुवातीला ठोक रक्कम देऊन घेतलेल्या खोलीचं) भाडं, वर्षाचं मिळून आपलं एका रात्रीचं हॉटेलचं बिल होईल. तेवढ्यासाठी कोणी वकील लावून कोर्टात जातं का? चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीत जुन्या भाडेकरूला नव्या बिल्डिंगमध्ये किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं घर द्यावं लागतं, मालकीचं. मावशी आत्ताच बाहेर गेल्या की तेवढा फ्लॅट वाचला. बळकावणं कोणाचं चाललंय ते काकांनी सांगावं.

हो, मान्य, सगळे मालक असे नसतात. त्या भाड्यात गच्चीची डागडुजीही होत नाही हे खरंय. आणि उपनगरात दोन-दोन फ्लॅट घेऊन पागडीच्या खोलीला कुलूप लावून ठेवणारे भाडेकरूही मी पाहिलेत. बरं, पुढे.

काकांचा स्वतःचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला आहे. त्यांना कसली भीती वाटते मला कळत नाही. त्याच कायद्यात कलम २४ आहे, मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, समोरच्याने ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागितली नाही तर गेला तो, आणि जितके दिवस जास्त राहील त्याला दुप्पट पैसे. मावशींची केस आणि काकांचा फ्लॅट यांचा काडीचा संबंध नाही. आणि गंमत सांगू का, ज्याखाली हा फुकट वकील मिळतो त्या विधी सेवा कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही. उद्या गरज पडली तर काकूंनाही हाच फुकट वकील मिळेल. मीच उभी राहीन, आणि नीट उभी राहीन.

पैसे भरायच्या दिवशी धोबीतलावच्या कोर्टात बाकावर बसून मावशी एकेक पाकीट उघडत होत्या. चैत्र, वैशाख असं लिहिलेलं, मी इंग्रजी महिन्यांशी जुळवतेय आणि बोर्डावर आमचा नंबर जवळ येतोय. मी व्याजाचा आकडा सांगितला तर म्हणाल्या, ‘वकीलबाई, मी देत होते, त्यांनी घेतलं नाही, मग व्याज माझ्याकडून कशाला?’ काय सांगू? म्हटलं, आत्ता भरा, भांडू नंतर. भरले त्यांनी. त्यासाठी एक पाकीट गॅसचं होतं तेही फोडलं.

आमच्याकडेही सगळं छान चाललंय असं नाही हां. विधी सेवेच्या पॅनलवरचे, म्हणजे माझ्यासारखे यादीतले, काही वकील तारखेला उगवतच नाहीत, आणि फी इतकी कमी आणि इतकी उशिरा की न उगवणाऱ्यावर पूर्ण रागावताही येत नाही. तरी रागावते मी. कारण इथे निम्मी लढाई नुसतं हजर राहण्याची असते, मोठे युक्तिवाद वगैरे नंतर.

मावशींची केस अजून चालूच आहे, आता वसुलीवाल्याची उलटतपासणी व्हायचीय आणि मी त्याची फार मनापासून वाट बघतेय.

तर तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई, वॉचमन, कोणालाही कोर्टाचा कागद आला तर आधी तो घेतल्याची तारीख मागे लिहून ठेवायला सांगा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा, नाहीतर १५१०० ला फोन लावून द्या. मला इनबॉक्समध्ये कागदांचे फोटो पाठवू नका, ते तसे वाचता येत नाहीत.